मंडईची नाव

मी मूळची केशोरीची. ढिवराची पोरगी. आमच्या बापाजवळ धानाची बांधी नोव्हती, तलावच आमचं वावर. माही आत्या तलावातून कमळाचे कांदे काढे अन् मले संगं नेये, नाक दाबून खाली जाचं, गाळात हात खुपसाचा, डोळ्याले काही दिसत नाई, हातानंच पाहा लागते, असं ते काम. पोहनं कवा शिकली ते मले आठवत नाई, चालनं कवा शिकली ते कोनाले आठवते का? मंग लगन झालं अन् तलावातली मी वैनगंगेवर आली, तिरोड्याच्या बाजूनं. आल्या आल्या सासूनं सांगतलं, केशोरीवाली, नदीत धुनं धू, आंग धू, पन डोहाकडं जाचं नाई. मी म्हनलं काऊन? त बुढी घागर घेऊन आत गेली. नवऱ्याले इचारलं, त मोतीराम म्हने, तिथं आमची बदनामी बुडून आहे. मले काही समजलं नाई. पन येवढं दिसे का नदीच्या त्या पारचे लोक आमच्या घरच्या डोंग्यात बसत नोव्हते. घाटावर उन्हात उभे राहत, दुसऱ्याचा डोंगा येईपर्यंत वाट पाहत, पन आमच्यात पाय ठेवत नसत.

आता नावेचं सांगतो म्हनता म्हनता मी कुठी गेली पाहा.

त नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात नदी लय उतरली. मोतीरामचं जाळं डोहात अटकलं. माहा देर बुधराम सोडवाले खाली गेला. जाळं त निघालं नाई, फाटून अर्धं तिथंच राहिलं, अन् बुधराम वर आला त डोळे येवढाले करून म्हने, भाऊ, खाली फासोळ्या आहेत. मोतीराम म्हने, मानसाच्या का गा? नाई म्हने, लाकडाच्या. नाव आहे, लय मोठी नाव.

घरी येऊन सांगतलं तवा बुढी जाळं विनत बसली होती. तिचे हात थांबले. मंग तिनं सारं सांगतलं. ते नाव मालगुजाराची, गावच्या मालकाची होती अन् वल्हवनारा आमच्या घरचा, मोतीरामच्या आज्याचा बाप. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरली होती, जत्राच म्हना, रातभर दंडारीचं नाटक झालं, अन् त्या पारचे लोक मंडईवरून घरी चालले होते, बाया, लेकरं, नवे लुगडे नेसून. मधात डोहावर नाव बुडाली. कित्येक गेले. नावाडी पोहत काठाले लागला. तो वाचला, बस, हाच त्याचा गुन्हा. लोक म्हनले मोहाची पिऊन होता, म्हनले आपला जीव घेऊन पळाला. तो मरेपर्यंत म्हने, मी मालकाले सांगतलं होतं नाव चांगली नाई, मालक म्हने, ने. पन मालकाच्या तोंडासमोर त्याचं कोन ऐकते? तवापासून आमचं घर म्हनजे नावबुडव्याइचं घर.

बुधरामच्या मनात मात्र तवा सागवनच भरलं होतं. येवढं जुनं सागवन, दाराच्या चौकटी होतील म्हने. त्यानं एक फळी सुटी केली, दोर बांधला, चार जनाइनं ओढली. काय सांगू तुम्हाले, काळीभोर, जड, हात फिरवत बसावं अशी गुळगुळीत. आंगनात उभी करून ठेवली. अन् उन्ह लागलं तशी ते तडकाले लागली. आधी बारीक रेघा, मंग भेगा, मंग तुकडे, पावसाच्या आधी हातात चुरा होऊन राहिला होता टोस्टावानी. बुधराम त्या फळीसमोर बसून राहे. मले म्हने, वहिनी, पान्यात इतके वर्सं धड होती, मी बाहेर काढली अन् मारली.

त्या फळीची गोष्ट बजारात झाली अन् गोंदियाच्या कॉलेजात इतिहास शिकवनारे एक सर आमच्या गावाले आले. त्याइनं चुरा पाहिला, म्हने, पान्यानंच हे लाकूड धरून ठेवलं होतं. आता बाकीची नाव काढू नोका, तिथंच राहू द्या, तिथंच मोजा, तिचं चित्र काढू, म्हनजे नाव पान्यात राहील अन् तिची खबर लोकाइजवळ राहील. कोनी तरी म्हनलं, सर, तुमीच उतरा मंग. सर म्हने, मले पोहता येत नाई. सारे हासले, सरही हासले. तिथूनच काम जमलं. आमची मासेमारीची सोसायटी होती, तिनं ठरवलं, डोहात जाळं टाकाचं नाई, बारूदचा बार फोडाचा नाई. गावातले डुबकी मारनारे मानसं दुसऱ्या उन्हाळ्यात लागले. एकानं दोराचं टोक नावेच्या नाकाले धराचं, दुसऱ्यानं फासोळीपर्यंत न्याचं, तिथं गाठ मारून वर याचं, काठावर सर फितीनं मोजत अन् कागदावर काढत. एका दमात एकच माप. बुधराम साऱ्याइच्या म्होरं. सकाळी चाय पीत नसे, पोट भरलं का दम टिकत नाई म्हने. मोतीरामचा कान फुटला, रक्त आलं, त सरानं त्याले वर बसवलं.

मंग ते झालं.

दिवसाढवळ्या झालं, सारे काठावर असताना. आमचं ते फाटकं जाळं, मागच्या वर्साचं, ते फासोळ्याइले गुंडाळून राहिलं होतं. बुधराम त्याच्या खालून घुसला. दोर हालला, हालला, अन् ढिल्ला पडला. मोतीराम उडी टाकून गेला त कान धरून वर आला. दुसरे दोघं खालून रिकाम्या हातानं आले. मी भाकरी घेऊन आली होती. मी पदर खोचला, काठावर पडलेला विळा घेतला अन् गेली. गाळ उठला होता, काहीच दिसत नोव्हतं. केशोरीच्या तलावात कांदा चाचपाची तसा मी माहा देर चाचपला. पाय भेटला, मंग जाळं, मंग खांदा. जाळं कापलं, ओढला, वर आनला. सरानं छाती दाबली, तोंडात फुंकलं. काही नाई. गेला होता.

माही जाऊ, बुधरामची बायको, मुर्रीची, गोंदियाजवळची, तिकडं सारं हिंदी चालते, रागावली का हिंदीत बोले. ते काठावर आली, रडली नाई. माह्याकडं अन् मोतीरामकडं पाहून म्हने, मरे हुए लोगों की नाव के लिए तुमने जिंदा आदमी दे दिया. येवढंच. मंग ते आमच्यासंगं बोललीच नाई. भिंतीले भिंत लागून घर, एकच आंगन, पन बोलली नाई.

गावही फिरलं. नाव अजून मानसं मागते म्हने, बारूद लावा, उडवून टाका. चार जन बार घेऊन घाटावर आले तवा माही सासू तिथं जाऊन बसली. बुढी म्हने, पोरगा माहा गेला ना? मंग मी सांगतो. हात नोका लावू. ते लोक उभे राहिले अन् मंग घरी गेले. पन मले त्या दिवशी बुढीचं तोंड पाहवत नोव्हतं बाप्पा. ते नावेसाठी बसली होती का पोराच्या जागेसाठी, मी कधी इचारलं नाई.

काम बंदच पडलं. सर आले का आमच्या ओसरीवर बसत, आपन सुरू केलं नसतं त बुधराम असता म्हनत, अन् उठून जात. मीच एक दिवस मोतीरामले म्हनलं, अर्धं राहिलं आहे.  तो म्हने, तू जाशीन? मी म्हनलं, जातो. आधी खालचं सारं जाळं कापून बाहेर काढलं, मंगच दोर धरला. बुढीनं या खेपेले मना केलं नाई.

नावेच्या बुडाले, मधात, माह्या हाताले लोखंड लागलं. खिळेच खिळे, दाटीनं ठोकलेले, त्याच्यावर पत्रा, अन् पत्र्याच्या कडेले लाकूड निराळंच, नरम, बोट रुते असं. वर येऊन मी सराले सांगतलं. सरानं पुन्हा पुन्हा पाठवलं, इकडून माप, तिकडून माप. कागदावर काढलं त मानूस झोपेल येवढं ते ठिगळ. सर मोठ्या संभाळून बोलनारा मानूस. म्हने, नाव यानंच बुडाली असं मी लिहू शकत नाई. पन नाव सडली होती अन् कोनी तरी घाईनं पत्रा मारून पान्यात लोटली, येवढं लिहू शकतो. मोतीरामनं ते सराकडून दोनदा म्हनवून घेतलं, एक कान गेला होता त्याचा. मंग तो उठला अन् नदीकडं तोंड करून उभा राहिला.

पाऊस लागाच्या आधी सरानं एक काम केलं. घाटाच्या रेतीवर चुन्यानं नाव आखली, जेवढी आहे तेवढी, कबड्डीचं मैदान आखतात तशी. फासोळ्या आखल्या, ठिगळ आखलं. त्या पारच्या लोकाइले बलावलं. आले, पन दूरच उभे. मंग दसरू बुढा म्होरं आला, त्याची आजी त्या नावेत गेली होती. तो चुन्याच्या रेघेच्या आत आला अन् ठिगळाजवळ वाकून पाहत राहिला. मोतीरामले म्हने, येवढ्या पत्र्यावर मानसं बसवले? मोतीराम म्हने, माह्या पनज्यानं नाई म्हनलं होतं बाबा. बुढ्यानं हो नाई केलं, नाई नाई केलं. मले इचारलं, बाया कोन्या बाजूले बसत असतील? मी म्हनलं, मधात, लेकरं घेऊन. त बुढा तिथं रेतीत बसला, धोतर आवरून, जसा नावेत बसला.

अन् तेवढ्यात माही जाऊ आली. सरळ नावेत आली, सराले म्हने, माह्या मानसाले कुठी ठेवलं तुमी?  सराच्या हातातली चुन्याची बादली मी घेतली, तिसऱ्या फासोळीजवळ गेली, एक मूठ टाकली. म्हनलं, इथं. तिनं ते पाहिलं, पाहिलं, अन् पायानं पुसून टाकलं. गेली निघून.

त्या दिवशी दसरू बुढा मोतीरामच्या डोंग्यात बसून घरी गेला. त्याच्या मांगं बाकीचेही बसले. आमच्या घराले येवढी मोठी गोष्ट झाली, अन् आमच्या घरी कोनाच्या तोंडात घास गेला नाई.

आता त खाली बॅरेज झाला. पानी चढलं, डोह कुठी अन् नदी कुठी समजत नाई, मासे बदलले, मोतीराम आता पान्यात उतरत नाई. सर म्हनतात, नाव गाळाखाली दाबली गेली, हे तिच्यासाठी चांगलंच आहे, आता तिले कोनी काढू शकत नाई. चित्र सोसायटीच्या खोलीत लावलं आहे, खाली डुबकी मारनाऱ्याइचे नावं आहेत, पहिलं बुधरामचं. सासू गेली. माहा दम आता पुरत नाई.

अन् जाऊ. मागच्या हिवाळ्यात मी आंगनात शिंगाडे उकडून सोलत बसली होती. ते आली, समोर बसली, सोलाले लागली. इतक्या वर्सानं.  लय वेळानं म्हने, तू गेली होती ना खाली. पान्यात त्याचे डोळे उघडे होते का वं?

मी म्हनलं, बंद होते वं, झोपल्यावानी.

खरं सांगू का तुम्हाले, त्या गाळात मले काहीच दिसलं नोव्हतं. पन ते त्या दिवशी सारे शिंगाडे सोलून गेली. आता रोज येते, कधी बोलते, कधी नाई. येऊ द्या. तिचं मन निवलं पाहिजे, माह्यं काय, माह्यं होऊन गेलं.