मधली सहा वर्षं

शिक्षणात खंड पडला असेल, तर कॉलेजला त्याच्या कारणाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. गंगाखेडला ते करून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढं राणीसावरगावच्या सासू-सुना उभ्या होत्या.

“शीला, कारण काय लिवायलीस?”

“बारावीनंतर सहा वर्षं तुरुंगात होते म्हणून.”

“येडी का काय! सासू आजारी होती म्हण. कुणी इचारलं तर मी खोकते की.”

“सहा वर्षं आजारी, आत्या?”

“मंग? लय चिवट हाय मी.”

“हे शपथेवर लिवायचं असतंय. खोटं निघालं तर परत आत जाईन.”

“नगं माय! खरंच लिव. पर ते वाचून त्यांनी बी.ए.ला घेतलंच न्हाई तर?”

“त्याचंच भ्या वाटायलंय. सकाळपासून पेन धरून बसले.”

“मंग त्याच्याखाली आणखी एक वळ लिव. सासू दर महिन्याला भेटायला येत होती.”

“ते कशाला, आत्या?”

“वाचणाराला कळू दे, पोरीच्या मागं माणूस हाय म्हणून.”

शीलानं डोळ्यांना पदर लावला.

“रडू नगं, कागद भिजंल. लिव.”