पाठीतला आउट

सायकलवाला : दाबून बघा ना, मॅडम. नुसतं बघून काय कळणार?

डॉक्टर : बघूनच बरंच कळतं. बाळ, पाय जुळव, दोन्ही हात खाली सोड आणि जमिनीकडे वाक. गुडघे ताठ. हां, तिथेच थांब.

मुलगी : थांबले. तुमची एक क्लिप पडलीय टेबलाखाली.

डॉक्टर : राहू दे तिला. तुम्ही या इकडे. तिच्या डोक्याच्या बाजूने बघा. उजवीकडच्या फासळ्या वर आल्यात, दिसतात?

सायकलवाला : दिसतात. लहान होती तेव्हा मी आंघोळ घालायचो, तेव्हा नव्हतं हे. आता स्वतःचं स्वतः करते, मला कुठून दिसणार? शाळेचा शर्ट एका बाजूने वर जायला लागला. म्हटलं शिवण वाकडी आहे. दुकानदाराशी भांडून बदलून आणला.

मुलगी : दोनदा.

सायकलवाला : दुसऱ्या वेळी तो म्हणाला, काका, शर्ट सरळ आहे, पोरीकडे बघा.

डॉक्टर : भला माणूस. ऊठ बाळ, बस तिथे. एक्स-रे हाडांच्या डॉक्टरांनी काढलाय ना? द्या.

सायकलवाला : घ्या. त्यांनी बघितला आणि लगेच पट्टा सांगितला. पट्टा कसला, काखेपासून कमरेखालपर्यंत प्लास्टिकचं कवच. दिवसरात्र. म्हटलं, थांबा जरा. आमच्या शेजारच्या शिंप्याची मान तुम्ही मोकळी केली. गेला वाकडा, आला सरळ. म्हटलं बाईंच्या हाताला गुण आहे, हिलाही दाखवू.

डॉक्टर : शिंपीकाकांची मान आखडली होती. सांधा अडकला होता, तो मोकळा केला. हिचं तसं नाही.

सायकलवाला : हाड ते हाडच की. मॅडम, मी जन्मभर चाकांचे आउट काढत आलोय. रिम डावीकडे घासत असली की उजवीकडच्या तारा आवळायच्या, डावीकडच्या जरा ढिल्या करायच्या. थोडं आवळा, फिरवा, बघा, पुन्हा आवळा. घाई करायची नाही. माझ्या हातून सरळ झालं नाही असं चाक दाखवा मला.

मुलगी : माझाही आउट काढतोय बाबा. रोज सकाळी फळीवर पालथं झोपवतो आणि दाबतो.

डॉक्टर : कुठे दाबता?

सायकलवाला : वर आलंय तिथेच. अलगद.

मुलगी : अलगद म्हणजे पाना धरणाऱ्या हाताने अलगद.

डॉक्टर : ते आजपासून बंद. रागावत नाहीये मी, पण बंद. हे बघा. कणा नुसता बाजूला गेलेला नाही. जाता जाता फिरलाय, पिळलेल्या कापडासारखा. त्याच्याबरोबर फासळ्या फिरल्या, म्हणून उंचवटा दिसतो. वरून दाबून पीळ सुटत नाही.

सायकलवाला : मग तुम्ही सोडवा.

डॉक्टर : माझ्याही हाताने सुटत नाही.

सायकलवाला : मग बाहेर मणक्याची पाटी कसली लावलीय?

डॉक्टर : पाटी खरी आहे. काय गं, पाठ दुखते?

मुलगी : दप्तर घेऊन घरी आले की. कमरेच्या वर, डावीकडे.

डॉक्टर : ते दुखणं मी कमी करीन. आखडलेली पाठ मोकळी करीन, व्यायाम शिकवीन. पण बाक सरळ करून देते असं म्हटलं तर ते खोटं. तसं म्हणणारे भेटतात. त्यांच्याकडे वर्ष काढून मग पोरं इकडे येतात.

सायकलवाला : वर्षाने काय बिघडतं? चाक वर्षभर खुंटीला टांगा, आउट जेवढ्यास तेवढा.

डॉक्टर : तुमचं चाक वाढत नाही. ही वाढतेय. भराभर उंच व्हायचं वय आहे, आणि उंचीबरोबर बाकही वाढू शकतो. वाढ पुरी होईपर्यंत त्याला आहे तिथे धरून ठेवायचं, एवढंच पट्ट्याचं काम. आत्ता ते जमण्यासारखं आहे. फार पुढे गेलं की पट्ट्याच्या आवाक्यात राहत नाही, मग ऑपरेशन.

मुलगी : हाडांच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं. तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत होता.

सायकलवाला : सायकल उभी होती खाली. कुलूप लावलं नव्हतं.

मुलगी : लावलं होतं. किल्ली माझ्याकडे होती.

डॉक्टर : तुझं काय म्हणणं आहे पट्ट्याबद्दल?

मुलगी : मला चालेल. उकडेल, शर्ट मोठे लागतील. वर्गातला एक जण ठोकून बघणारच. बघू दे, त्याचाच हात दुखेल. पोहताना काढता येतो का?

डॉक्टर : पोहताना, आंघोळीला, व्यायामाला काढायचा. बाकी अंगावर.

मुलगी : मग झालं तर.

सायकलवाला : काय झालं? तुला काय कळतंय? श्वास कोंडतो त्यात. कातडी सोलून निघते. झोपेत कूस बदलता येत नाही, माणूस रात्रभर नुसता छताकडे...

डॉक्टर : तुम्हाला कसं माहीत?

(सायकलवाला टेबलावरचा एक्स-रे पाकिटात घालू लागतो. तो आडवा जातो. काढून पुन्हा घालतो.)

मुलगी : आईला होता. तिचा आजार शेवटी मणक्यात गेला, तेव्हा उभं राहता यावं म्हणून दिला होता. बाबाच बांधायचा.

सायकलवाला : सकाळी बांधायचो, रात्री सोडायचो. बांधताना रोज सांगायचो, आज कालच्यापेक्षा बरी दिसतेस. ती हो म्हणायची. आता पोरीच्या अंगावर तेच चढवू?

मुलगी : बाबा, आई आजारी होती. मी आजारी नाहीये. मी पोहते, भांडते, तुझ्यापेक्षा जास्त जेवते.

डॉक्टर : त्यांचा पट्टा खचलेल्या हाडांना आधार होता. हिची हाडं दणकट आहेत, त्यांना वाढताना धाक म्हणून हा. आणि हा निघतो. वाढ पुरी झाली की हळूहळू सोडवतात.

सायकलवाला : निघतो नक्की?

डॉक्टर : निघतो. बाक थोडाफार राहील, ते आत्ताच सांगून ठेवते. पण नेमाने वापरला तर बहुतेकांचा आटोक्यात राहतो, आणि ही नेमाने वापरणारी दिसते.

सायकलवाला : म्हणजे थोडा आउट राहणार.

मुलगी : तुझ्या स्वतःच्या सायकलला आहेच की.

सायकलवाला : तो ब्रेकला लागत नाही.

मुलगी : हा पण नाही लागणार.

डॉक्टर : मी हाडांच्या डॉक्टरांना फोन करते. मापं द्यायला उद्याच जा, आणि व्यायामाला इकडे या. एक घरातलं विचारते. पट्ट्याचे बंद पाठीमागे असतात, सुरुवातीला हिचा हात पोचायचा नाही. रोज आवळून द्यायला घरात कोणी आहे?

मुलगी : आत्या राहते गल्लीच्या टोकाला. शाळेत जाता जाता तिच्याकडून...

सायकलवाला : आत्या कशाला? ती घट्ट आवळेल. मला येतो बांधता.