साडेपाच फुटांवरचा मुरूम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य बद्रीनाथ सर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज सेवेतून निवृत्त होत असलेल्या आपल्या वनमाला मॅडम, शिक्षकवर्ग आणि दाराशी उभे असलेले आजी-माजी विद्यार्थी, आपणा सर्वांना माझा नमस्कार आणि आदाब.

मी आतिफ. नेकनूरला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. मला बोलायची सवय नाही, म्हणून कागदावर लिहून आणलं आहे. पाहुण्यांनी मॅडमच्या कार्याबद्दल फार चांगलं सांगितलं. मी फक्त त्यांच्या लॅबमधल्या पहिल्या तासाबद्दल बोलणार आहे.

माझा धाकटा भाऊ हारिस याच लॅबमध्ये सिम्युलेशन शिकला. लोखंड कापायच्या आधीच ते कुठे वाकेल, हे कॉम्प्युटरवर दिसतं, याचं त्याला लई कौतुक होतं. तलवाड्याच्या एका मळ्यात पाण्याच्या टाकीचा स्टँड करायचं काम आम्हाला मिळालं, तेव्हा त्याचं मॉडेल त्यानेच केलं. बांधायचं काम माझं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात टाकी पहिल्यांदा पूर्ण भरली आणि स्टँड एका अंगाला कलला. पाणी सोडून द्यायला हारिस वर चढला. तो स्टँडसकट खाली आला. तेवीस वर्षांचा होता.

पुढच्या वर्षी मी मॅडमकडे आलो आणि म्हणालो, मला हे सॉफ्टवेअर शिकवा. वय अडतीस. त्यांनी कारण विचारलं नाही. आज सांगतो. मला हारिसच्या फाइलमधली चूक शोधायची होती.

पहिल्या दिवशी मी मिलिमीटरच्या जागी मीटर टाकले. अँगलचा पाय पन्नास मीटर रुंद झाला. शेजारची सायली म्हणाली, "आतिफभाई, ह्या टाकीवर अख्खं नेकनूर पाणी पिईल की." सगळे हसले, मीही हसलो. मॅडम म्हणाल्या, "हसू नका, ही चूक ज्यांनी केली नाही त्यांनी हात वर करा." एकही हात वर झाला नाही.

मग हळूहळू जमू लागलं. आधी आकार काढायचा, धातू सांगायचा, वजन द्यायचं, वारा द्यायचा. खालचं बूड फिक्स करायचं. फिक्स म्हणजे जमीन जागची हलणार नाही असं धरायचं. मग रंग येतात. निळा असेल तर काळजी नाही, लाल असेल तर मोडेल.

महिनाभराने मी हारिसची फाइल उघडली. लॅबच्या कॉम्प्युटरवर त्याचं नाव अजून तसंच आहे, कुणी काढलं नाही. वजन बरोबर होतं. वारा त्याने जरा जास्तच धरला होता. सगळा स्टँड निळा. चालवून बघितला की पडद्यावर तो थोडा डोलतो आणि परत सरळ होतो. परत डोलतो, परत सरळ होतो. किती वेळ बघत बसलो, सांगता येणार नाही. दुकानात वेल्डिंगचा चष्मा लावला की अजूनही मला तोच दिसतो.

बुडाशी त्याने एक नोंद लिहिली होती. "खाली मुरूम आहे. भाईने बघितलं."

अध्यक्ष महोदय, जरा पाणी घेतो.

तलवाड्याला स्टँडच्या पायांचे खड्डे आमचा मजूर सुग्रीव खोदत होता. तीन फुटांवर तो म्हणाला, "आतिफभाई, आजून काळीच हाय. मुरूम न्हाई लागला." मी म्हणालो, "बास कर बे, उद्या टाकी यायचीय." तेवढ्यात याच लॅबमधून हारिसचा फोन आला. "भाई, मुरूम लागला का? लागला असेल तरच फिक्स धरतो." मी म्हणालो, "लागला रे, लागला." काळी माती पाणी पिऊन फुगते, हे मला काय माहीत नव्हतं? आपल्याकडे कुणाला माहीत नाही?

चौकशीला लोक आले तेव्हाही मी एवढंच म्हणालो की डिझाइन कॉम्प्युटरवर केलं होतं.

हारिस गेला तेव्हापासून मॅडम प्रत्येक बॅचला पहिल्या तासाला डबीत आपापल्या गावची माती आणायला लावतात. लॅबच्या खिडकीत चकलांब्यापासून सगळ्या गावांच्या डब्या आहेत. माती आल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू होत नाही. आणि दरवेळी मॅडम सांगतात, "माझा एक विद्यार्थी गेला. बूड फिक्स करा, एवढं मी शिकवलं. खाली काय आहे ते विचारा, हे शिकवायचं राहिलं."

मॅडम, राहिलं नव्हतं. त्याने विचारलं होतं. खोटं मी सांगितलं. दोन वर्षं तुमचं ते वाक्य मी शेवटच्या बाकावर बसून ऐकलं आणि गप्प राहिलो. तुम्ही ते घरी घेऊन जाऊ नये, म्हणून आज उभा राहिलो. अम्मी, मदिनाबी, तिथे बसली आहे. तिला काल सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही, पण इथे आली आहे.

परवा मी तलवाड्याला जाऊन तोच खड्डा पुढे खोदला. मुरूम साडेपाच फुटांवर लागला. ही त्याची डबी. शाल नंतर देतील, ही आधी घ्या.

मला बोलू दिलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. खोदण्यात जे कमी झालं, ते मात्र कुणी सांभाळून घेऊ नका.