थोरल्या सांबराने माझ्या पतीला जखमी केल्याबाबत

मी, मावशी या नावाने ओळखली जाणारी, वय ४४, धंदा नोकरी (प्राणिसंग्रहालयात हरणांची देखभाल), राहणार संग्रहालयाच्या मागील दारालगतची खोली, समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील खोलीत मी पतीसह राहते. पती संग्रहालयातच सुतार आहेत. हरणांच्या आवारात थोरला व धाकटा असे दोन नर सांबर आहेत. नऊ वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात दोन माद्या दगावल्या, तेव्हा ही पिल्ले आम्ही घरी आणली. घरात बाळासाठी दुधाची नवी बाटली आणून ठेवलेली होती, ती वापरली. पिल्ले सहा महिने आमच्या पलंगाखाली झोपत. पती कामावरून आले की पिल्ले त्यांच्या गुडघ्यांना डोकी लावून ढकलत. पती मुद्दाम पडत व "हरलो बाबा, हरलो" म्हणत. तेव्हा शिंगांच्या जागी नुसती टेंगळे होती.

नराची शिंगे गळतात व पुन्हा येतात. नव्या शिंगांवर मऊ कातडी असते, ती वाळली की झाडाला घासून काढतात. मग माजाचे दिवस सुरू होतात. मान फुगते, आयाळ ताठ होते, अंगाला चिखल फासून घेतात. एरवी पाय आपटून दम देण्यावर भागते. पण बरोबरीचे दोन नर शिंगात शिंग घालून रेटतात. म्हणून त्या दिवसांत दोघांमध्ये फळ्यांचे कुंपण असते व माणसांना आत जाण्यास मनाई असते.

काल सकाळी सात वाजता मी चारा घेऊन गेले असता थोरल्याने तीन फळ्या मोडलेल्या दिसल्या. दोघांची शिंगे एकमेकांत गुंतली होती. धाकटा गुडघ्यांवर आला होता, जीभ बाहेर पडली होती. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "मला दीड तास लागेल. कोणी आत जाऊ नका."

पती करवत घेऊन आले. म्हणाले, "तोवर मान मोडेल त्याची. तयार शिंग कापलं तर दुखत नाही, नखासारखं असतं."

मी म्हटले, "थोरला ओळखायचा नाही तुम्हाला."

"ओळखतो, तीच तर पंचाईत आहे. रानातला माणूस बघून पळतो. आपल्या हातचा वाढलेला आपल्याला त्यांच्यातलाच एक नर समजतो."

पतीने कुलूप तोडले, हे संग्रहालयाच्या अधीक्षकांच्या अहवालातील म्हणणे खरे नाही. किल्ली माझ्याकडे होती. मी उघडले.

पतीने धाकट्याचे शिंग कापताच तो सुटला. थोरला दोन पावले मागे सरला, मान खाली घातली व पतीवर धावला. शिंग मांडीत गेले, दोन बरगड्या मोडल्या. मी पूर्वी मारत असे तशी हाक मारली, "चल रे, दूध!" थोरला थांबला. माझ्या मागोमाग चालत मागच्या गोठ्यात आला. मी कडी लावली. माझ्या हातात काही नव्हते.

पतीच्या जिवावरचा धोका टळला आहे. शुद्धीवर येताच त्यांनी "सुटले का दोघं?" एवढेच विचारले.

थोरल्याला ठार करण्याचे पत्र निघाले आहे असे समजते. त्यास माझी हरकत आहे. दार उघडले त्याची शिक्षा मला व्हावी. नोकरी गेली तरी तक्रार नाही.

जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "हिंस्र जनावराने" असे आले होते, ते मी सांगितलेले नव्हते. ते खोडून तेथे "थोरल्याने" असे लिहून घेतले. आता मी सांगितले तसेच आहे, म्हणून सही करते.