लग्न रस्त्यापलीकडे, औषध अलीकडे

...आणि वर मलाच म्हणतात, "व्हर्जिल, तुम्ही चिडता फार!" चिडू नको तर काय ओवाळू त्यांना?

तुम्हाला सांगतो, माझं घर मिझुरी राज्यात आणि मुलीचं घर कॅन्सस राज्यात. ऐकून वाटलं ना, म्हातारा विमानाने जात असेल? अहो, मधे फक्त एक रस्ता आहे! स्टेट लाइन रोड! जनेलच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, स्वयंपाकघरात काय करपलं ते मला माझ्या ओसरीत बसून वासावरून कळतं! त्या रस्त्याच्या मधोमध जी पिवळी रेघ आहे ना, तीच राज्याची हद्द. माझ्या झाडाची पानं वाऱ्याने उडून पलीकडे जातात, त्यांना कुणी विचारत नाही. मला विचारतात!

कारण माझं दुखणं. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलो, एकदा वरून आपटलो, कंबर गेली ती गेलीच. मांडीपासून पोटरीपर्यंत असा गोळा येतो म्हणून सांगू, की पाय माझा आहे की खांबाचा तेच कळत नाही. आधी गोळ्या दिल्या. त्या घेऊन मी जेवता जेवता ताटात झोपायचो. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "व्हर्जिल, गांजाचे थेंब घेऊन बघा." मी? गांजा? चर्चमध्ये दर रविवारी वर्गणीचं ताट फिरवणारा माणूस मी! पण घेतले. जिभेखाली थेंब... आणि तुम्हाला सांगतो, कित्येक वर्षांनी स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधली. रडलो हो! नाडी बांधून रडलो!

त्या औषधाचं सरकारी कार्ड मिळालं. फोटोत मी दरोडेखोर दिसतो, ते सोडा. पण मिझुरी सरकार म्हणतं, हा पेशंट आहे, याच्या वाटेला जाऊ नका. आणि कॅन्सस काय म्हणतं? कॅन्सस म्हणतं, कसलं कार्ड? इकडे पेशंट, तिकडे आरोपी!

वकिलाकडे गेलो. म्हटलं, मला कायद्याचं काही संरक्षण आहे की नाही? "आहे ना!" असा प्रेमाने म्हणाला, मला वाटलं आता कॉफी मागवतो. "भरपूर संरक्षण आहे. रस्त्याच्या अलीकडे." आणि पलीकडे? "पलीकडे जाऊ नका." अरे, पलीकडे माझी मुलगी आहे! मग चष्मा काढून समजावायला लागला... काही राज्यं दुसऱ्या राज्याचं कार्ड मानतात, काही मानत नाहीत, काही अर्धवट मानतात, पण जी मानतात तिथेही औषध तिथलं तिथेच घ्यायचं, इथून न्यायचं नाही, कारण हद्द ओलांडली की मामला केंद्र सरकारचा. म्हणजे दोन्हीकडे चालतं, पण मधून चालत नाही! मी म्हटलं, आणि समजा मी अलीकडे थेंब घेतले आणि पोटात घालून पलीकडे गेलो, तर ते पोटातलं कुठल्या राज्याचं? त्याने चष्मा परत घातला. "गाडी चालवू नका," म्हणाला. एवढंच.

आणि आता जावई ऐका. तुमचे जावई काय करतात? कुणाचं दुकान, कुणाची शेती. माझा जावई गॅरेट, कॅन्ससचा पोलीस! शेरीफच्या खात्यात! माणूस सोन्यासारखा, पण नियम म्हटला की खिळा ठोकलेला. "बाबा, तुम्ही अलीकडे काय घेता ते मला माहीत नाही, मला माहीत करून घ्यायचं नाही, पण ती बाटली माझ्या अंगणात आली तर माझी नोकरी जाईल." मी पोटातल्या राज्याचं विचारायला लागलो, तर दोन्ही कानांत बोटं घातली त्याने! पोलिसाने!

बरं, हे सगळं मी सोसलं असतं. पण नातीचं लग्न ठरलं. आमची टॅबिथा! लहानपणी तिला सायकल कुणी शिकवली? मी! याच रस्त्यावर, सीट धरून, वाकून! ती म्हणाली, "आजोबा, मी लग्नाला चालत येणार ती एका हाताला बाबा आणि एका हाताला तुम्ही. खुर्चीवर बसून बघायचं नाही." मी म्हटलं, नाही बसणार. शब्द दिला. आणि लग्न कुठे? पलीकडे, जनेलच्या अंगणात. मी म्हटलं, माझं अंगण काय वाईट आहे? तर म्हणे लग्नाचं लायसन्स कॅन्ससचं काढलंय, ते कॅन्ससच्या जमिनीवरच चालतं! बघा! पण एकदा लागलं की ते लग्न पन्नासच्या पन्नास राज्यांत खरं. उद्या नवरा-नवरी रस्ता ओलांडून माझ्याकडे जेवायला आले, तर इथे त्यांना कुणी म्हणणार आहे का, कसलं लग्न? माझ्या कमरेला मात्र पिवळी रेघ लागली की ती कंबरच नाही. इकडे पेशंट, तिकडे आरोपी!

तर लग्नाचा दिवस. मी सगळा हिशोब केलेला. पहाटेपासून जनेलच्या अंगणात ब्रिस्केट, म्हणजे गुराच्या छातीचं मांस, धुरावर लावलं, कारण आमच्याकडे लग्नाला पाद्री उशिरा आला तर चालतो, ब्रिस्केट कच्चं राहिलेलं चालत नाही. दुपारी घरी आलो, थेंब घेतले, बाटली ओसरीत ठेवली, सूट चढवला, टुणटुणीत पलीकडे गेलो. पाहुणे बसले, वाजंत्री सुरू होणार... आणि वादळाचा भोंगा! वूऽऽऽ! आता भोंगा वाजला की आमच्याकडे काय होतं, तुम्हाला ठाऊकच आहे. बायका-मुलं तळघरात. आणि पुरुष? पुरुष अंगणात! हात कमरेवर, माना वर, "हे इकडे यायचं नाही, उत्तरेला वळतंय!" निम्मे तर गॅरेटच्या खात्यातले पोलीस, ते तर ढगाला अटक करायला निघाल्यासारखे उभे. मला मात्र, पळता येत नाही म्हणून, बायकांबरोबर तळघरात नेलं. सिमेंटच्या पायरीवर बसवलं. आणि तिथे टॅबिथाच्या सासूबाई मला लोणच्याची कृती सांगत बसल्या... सांगत बसल्या... वादळ उत्तरेला वळलं, लोणचं वळेना!

वर आलो तेव्हा पाय गेलेला. औषधाचा जोर उतरला होता, वर ती गार पायरी. टॅबिथा पांढऱ्या झग्यात दारात उभी, "चला आजोबा," आणि मी खांबाला धरून. हसायला गेलो तर तोंडातून "आई गं" निघालं. तिचा चेहरा उतरला हो. "खुर्ची आणू?" म्हणाली, अगदी हळू. तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. औषध कुठे? समोर! दिसतंय! माझ्या ओसरीत उन्हात चमकतंय! आणेल का कुणी? कोण आणणार? पोलीस?

मी म्हटलं, मीच जातो. निघालो फरपटत. रस्त्याच्या कडेला पोचलो, तर गाड्या थांबायला तयार नाहीत. तेवढ्यात मागून गॅरेट आला. मला वाटलं, आता अडवणार. कसलं काय! सुटाबुटात सरळ रस्त्यात उतरला, त्या पिवळ्या रेघेवर उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. अहो, अर्धा रस्ता त्याच्या हद्दीबाहेर! मिझुरीच्या गाड्या त्याने कुठल्या अधिकारात थांबवल्या? मी विचारलं नाही. म्हटलं, आज कानांत बोटं माझी.

ओसरीत बसलो, थेंब घेतले. आणि बघतो तर टॅबिथा झगा गोळा करून रस्ता ओलांडून आली, माझ्या शेजारी पायरीवर बसली, माझा हात हातात घेतला. पलीकडे सगळं लग्न फुटपाथवर रांगेत उभं राहून माझा पाय सुटायची वाट बघतंय! हळूहळू पोटरी ढिली पडली. मी म्हटलं, "टॅबी, चल." म्हणाली, "परत तिकडे जाऊन सुरुवात कशाला? इथूनच चालू या." आणि तुम्हाला सांगतो, वाजंत्री पलीकडे वाजली आणि नवरी मिझुरीतून निघाली! पिवळ्या रेघेवर गॅरेट हात वर करून उभा, डोळे पुसायला हात मोकळा नाही. तिथे त्याने तिचा दुसरा हात धरला आणि आम्ही तिघं कॅन्ससात गेलो. गाड्यांनी हॉर्न वाजवले. मी एकदाही खुर्चीकडे बघितलं नाही.

इथेच संपलं असतं तर मी चिडलो असतो का? जेवणं झाली, मला म्हणाले, आजोबा, दोन शब्द बोला. उठलो. भाषणाचा चष्मा काढायला खिशात हात घातला... आणि बाहेर आली बाटली! बोलण्याच्या नादात ओसरीवरून खिशात टाकलेली! सगळ्या पोलिसांसमोर, हात उंच करून, मी! म्हणजे मी गुन्हा केला तो जावयाने थांबवलेल्या गाड्यांमधून, नातीचा हात धरून, वाजंत्रीच्या तालावर! मग सगळे पोलीस एकदम वर बघायला लागले, जणू परत वादळ आलंय. गॅरेट उठला, माझ्या कोपराला धरलं, "चला बाबा, तुम्हाला राज्याबाहेर सोडून येतो."

सोडलं की हो! माझ्या ओसरीत! हातात माझ्याच ब्रिस्केटची ताटली देऊन! पलीकडे नाच चाललाय, मी अलीकडे चघळतोय. इकडे पेशंट, तिकडे...! जाऊ द्या. थोड्या वेळाने टॅबिथा आली, चपला हातात. म्हणाली, "आजोबा, एक नाच राहिलाय." नाचलो. सावकाश, पण नाचलो. नाचता नाचता माझ्या कानाशी म्हणते, "आजोबा, रागावू नका हं... ह्यांना नोकरी लागली आहे. आयडाहोत. आम्ही पुढच्या महिन्यात जाणार. तुम्ही याल ना राहायला?"

आयडाहो! मधे किती राज्यं, कोणाचा काय कायदा, आणि तिथे तर माझ्या कार्डाला टपरीवालासुद्धा विचारत नाही! पण आजचा दिवस तिचा. मी म्हटलं, "येईन की. तुझ्या बापाला फक्त सांग, पिवळ्या रेघेवरून हलू नकोस. हात वर करून उभा राहा म्हणावं... आयडाहोपर्यंत."