टाचणीखालची चिठ्ठी

(काशीगावच्या राखीव जंगलाची चौकी, १९४३चा एप्रिल, सकाळचे आठ. मुंबईच्या संग्रहालयातले रामनाथ ओसरीवर टाचण्यांवर लावलेल्या पतंगांची, म्हणजे रातपाखरांची, पेटी उघडून बसलेत. आठ वर्षं या डोंगरातले पतंग गोळा करून बिचाऱ्यांची कंबर कामातून गेली आहे. समोर त्यांचा डोंगरी गावचा मदतनीस मायकेल, टोपी हातात घेऊन.)

रामनाथ : पुन्हा सांग. हळू सांग.

मायकेल : ते पाखरू ह्या जंगलातलं न्हाय, सायेब. त्याच्या चिठ्ठीवर मी काशीगावचा ओहोळ लिवलं, ते खोटं हाय.

रामनाथ : कुठलं पाखरू? या पेटीत दोनशे आहेत.

मायकेल : ते नवीनवालं. राखी पंखाचं. ज्याला अजून नाव न्हाय.

रामनाथ : बस खाली. तू असा उभा राहिलास की मलाच धाप लागते.

मायकेल : बरा हाय असा.

रामनाथ : मग कुठलं ते?

मायकेल : माझ्या घरचं. दसऱ्याच्या टायमाला बायकोला, मॉलीला, मुदतीचा ताप होता, तवा मी तुमच्या कामाला डोंगरात आलोच न्हाय. तिच्या उशाशी कंदील ठेवून बसायचो. ते येऊन भिंतीवर बसलं.

रामनाथ : मग डोंगरी लिहायचंस.

मायकेल : तुम्ही विचारलं असतं, जंगलात का गेला न्हाय.

रामनाथ : विचारलं असतं. आणि बरं म्हटलं असतं.

मायकेल : ते आज कळतंय.

रामनाथ : नंतर तरी इथल्या ओहोळात शोधलंस का?

मायकेल : मॉली उठून भाकऱ्या थापायला लागली, तसा रोज गेलो. लढाईचा ब्लॅकआउट, बाहेर बत्ती लावता येत न्हाय, म्हणून पाखरं यावीत म्हणून झाडांना ताडी नि गूळ फासला. बाकी सगळी आली. ते न्हाय आलं.

रामनाथ : हे पाकीट बघतोयस ना? दहाच्या टपालानं जंगल खात्याला जायचंय. लढाईत पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशावर चालायला लागल्या, आता पुढच्या महिन्यात कोळशासाठी या डोंगरावरची झाडं तोडणार. मी लिहिलंय, हे पाखरू त्या ओहोळाशिवाय कुठंही सापडलेलं नाही, तेवढा ओहोळ सोडा. खात्याचे मोठे साहेब तोंडी हो म्हणालेत. माझ्याकडे एवढा एकच आधार होता.

मायकेल : ठावं हाय.

रामनाथ : ठाऊक होतं तर तोंड कशाला उघडलंस? सहा महिने गप्प बसलास, आणखी एक दिवस बसवलं नाही?

मायकेल : न्हाय बसवलं. ईस्टर जवळ आलाय. काल चर्चात पाप कबूल करायला, कन्फेशनला गेलतो. फादर बोलले, ज्याला फसवलंस त्याला जाऊन सांग.

रामनाथ : जंगलाचं सांगितलंस त्यांना?

मायकेल : त्यांनी विचारलं न्हाय.

रामनाथ : छान. तू मोकळा झालास आणि धोंडा आला माझ्या गळ्यात.

मायकेल : तुम्ही ऐकलंच न्हाय असं समजा. पाकीट जाऊ द्या. मी परत कुणाला बोलणार न्हाय.

रामनाथ : उद्या माझ्यासारखा दुसरा कोणी येईल आणि नसलेलं पाखरू शोधत त्या ओहोळात आयुष्य घालवील.

मायकेल : पण त्याला टेकून बसायला झाडं तरी ऱ्हातील.

रामनाथ : गप्प बस जरा. दमलोय रे मी. खरंच दमलोय.

मायकेल : पाकीट मी नेऊ काय टपालात?

रामनाथ : राहू दे तिथंच. आधी त्या राखी पाखराची टाचणी वर घे. हळू, पंख झडेल. जुनी चिठ्ठी काढ.

मायकेल : मग तोडतील, सायेब.

रामनाथ : तोडतील.

मायकेल : आन मी गप्प ऱ्हायलो असतो तर?

रामनाथ : तर ओहोळ वाचला असता आणि मी सुखानं झोपलो असतो. तुला फादर आहेत, मायकेल. मी हे कुणाला जाऊन सांगू?

मायकेल : मला सांगितलं ना आता.

रामनाथ : नवी चिठ्ठी लिही. डोंगरी. खाली तुझं नाव घाल. माझा हात आज चालत नाही.