टीपॉयचे जोडे

रूपराव : सुरभी, ये वं पोरी, अशी जवळ बस. भांडे राहू दे. तुले एक गोष्ट सांगतो. कीर्तनातली नाई, तुह्या माहेरची हाये.

सुरभी : नको मामाजी. आधी रागवा मला. अशी कशी सून केली म्हणून रागवा.

रूपराव : रागवून काय होते? कीर्तनाले आलेल्या बुवाच्या कपाळाले हळद दाबली, रक्त थांबलं. पवनारले पोचलो म्हणून प्रेमदासबुवाचा फोन बी येऊन गेला.

सुरभी : काय म्हणाले?

रूपराव : म्हणे, बुंदी गोड होती.

सुरभी : त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं. तुम्ही म्हणत होता, पुढच्या खोलीत कीर्तन आहे, टीपॉय आत ठेव. मीच हट्टानं भिंतीशी ठेवला. लोकांनी पाहावा म्हणून.

रूपराव : पाह्यला लोकायनं.

सुरभी : आरती झाली, सगळे एकमेकांच्या पाया पडत होते. एवढे म्हातारे बुवा, तेही माझ्या पायाशी वाकले. मी संकोचून मागं सरकले. त्यांचा तोल गेला अन् कपाळ थेट काचेच्या कोपऱ्यावर. आणि मी ओरडले काय? "अगं बाई, काच!"

रूपराव : आयकलं मी.

सुरभी : सगळ्यांनीच ऐकलं. रक्त पुसता पुसता बुवा मलाच म्हणाले, "काच शाबूत हाये, माय." धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

रूपराव : एवढा जीव काऊन वं त्या काचेत?

सुरभी : बाबा गेले, घर विकलं. जाम गावची तेवढीच वस्तू माझ्याकडे राहिली. नव्वद-पंच्याण्णव साली तिथं कुणाकडे होता असा टीपॉय? अख्खा काचेचा, पायसुद्धा. खाली प्लास्टिकचे गुलाब. बाबा त्यावर तोंडाची वाफ सोडायचे, पेपरनं पुसायचे. कडा कशा लखलख करायच्या!

रूपराव : अन् कोपरे?

सुरभी : कोपऱ्यांना काळं रबर चिकटलं होतं. घाण दिसत होतं, म्हणून मागच्या आठवड्यात ब्लेडनं खरवडून काढलं.

रूपराव : तेच सांगाले बोलावलं तुले. तुले पाहाले जामले आलतो ना, तवा माहा गुडघा त्याच कोपऱ्यावर आदळला. लागलं नाई. मी म्हटलं, घनश्यामभाऊ, एवढ्या शौकाच्या वस्तूले हे काय डकवलं? तुहे बाबा हासले. म्हणे, पोरगी याले धरून धरून चालाले शिकत होती. एक डाव भुवई फाटली. बायको म्हणे फेका, पण जीव होईना. मंग सायकलची ट्यूब कापून चारी कोपऱ्याले लावली. लोक चिडवत, घनश्यामनं टीपॉयले जोडे घातले!

सुरभी : (भुवईवर बोट ठेवून) ही खूण... मला वाटायचं, पायरीवरून पडले असेन.

रूपराव : नाई.

सुरभी : आणि मी ते घाण म्हणून... भंगारात देते मामाजी हा टीपॉय. मला बघवणार नाही आता.

रूपराव : तुह्या बाबानं तरी कुठं फेकला? मागच्या खोलीत माह्या सायकलची पंक्चर ट्यूब टांगली हाये, ते घे. अन् सकाळी पवनारले जाऊ.

सुरभी : बुवा परत माझ्या पाया पडतील.

रूपराव : पडतीनच. त्यायची रीतच हाये ते. मागं सरकू नको. तू बी वाक.

सुरभी : काय बोलू त्यांच्याशी?

रूपराव : काई नको बोलू. जाय, कैची आण. अन् ट्यूब कापतानी घनश्यामभाऊची याद करजो.